बावीस नंबरचं पान

“बावीस नंबरचं पान नाहीये तिच्या वहीत,” सर म्हणाले.

“मग विचारा की तिला,” काकूंचा आवाज.

“विचारणार नाही. ती सांगेल.”

“आणि नाही सांगितलं तर?”

 कपात चमचा फिरल्याचा आवाज आला, मग थांबला. ते दोघं स्वयंपाकघरात होते आणि मी बाहेर, दाराशी. दार नेहमीसारखं नुसतं लोटलेलं होतं. मी पंधरा मिनिटं लवकर आले होते. डाव्या पायातली चप्पल काढून झाली होती, उजव्या पायातली अजून पायातच होती. पहिला विचार आला तो हा, की डावी परत घालावी, जिना उतरावा आणि पुन्हा कधीही वर्तकनगरला येऊ नये.

ते पान माझ्या पर्समध्ये होतं. आतल्या कप्प्यात, चार घड्या घालून. दोन महिने तिथंच होतं.

सरांच्या दोन खोल्यांच्या घरात दर रविवारी दहा ते एक आमचा क्लास चालायचा. क्लासला नाव नव्हतं, पाटी नव्हती. सर पूर्वी सिनेमाच्या एडिटिंग रूममध्ये असिस्टंट होते. ते काम का सोडलं, याची त्यांनी मला वेगवेगळ्या रविवारी तीन कारणं सांगितली होती. एकदा डोळे, एकदा मालकाशी भांडण, एकदा आईचं आजारपण. तिन्ही गोष्टींची कंटिन्युइटी जुळत नव्हती. मी अर्थात काही बोलले नाही. आता ते लग्नाच्या कॅसेट जोडून द्यायचे. टीव्हीच्या टेबलावर दोन व्हीसीआर, एकावर एक. वरचं दाखवायचं, खालचं रेकॉर्ड करायचं. एवढ्यावर त्यांनी आम्हाला एडिटिंग शिकवलं. बाकी सामान म्हणजे खांद्यावर घ्यायचा एक जड व्हिडिओ कॅमेरा, चेहऱ्यावर उजेड परतवायला थर्माकोलचा एक तुकडा आणि ही वही.

सरांना ओळखायला त्यांच्या घरात एकदा शिरलं तरी पुरे होतं. तुम्ही आत आलात की ते विचारायचे, “दार कुठल्या हातानं उघडलंस?” उत्तर आलं नाही तर बाहेर जायचं आणि परत यायचं. हे आम्हालाच नाही, दूधवाल्याला, मीटर बघायला येणाऱ्या माणसाला, काकूंच्या भिशीतल्या बायकांनाही. दूधवाला हुशार होता. तो जिन्यातूनच ओरडायचा, “उजवा, साहेब!”

खुर्चीच्या चारी पायांभोवती फरशीवर खडूच्या खुणा होत्या. टेबलावर बशी कुठे ठेवायची त्याचा गोल होता. काकू केर काढून झाला की त्या खुणा पुन्हा काढायच्या. “लग्नात रांगोळी कमी काढली म्हणून हे,” त्या म्हणायच्या. दर रविवारी सरांच्या अंगात तोच निळा चौकटीचा शर्ट. क्लास म्हणजे एकच सीन आहे, सीनच्या मध्येच कपडे बदलत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मला वाटायचं, एकच शर्ट आहे बिचाऱ्यांकडे. मग एकदा काकूंनी गॅलरीतली दोरी दाखवली. एका ओळीत तीन निळे चौकटीचे शर्ट वाळत होते.

केसांचंही तसंच. केस कायम एकाच लांबीचे दिसले पाहिजेत म्हणून ते दर शनिवारी न्हाव्याकडे जायचे. कोपऱ्यावरचा न्हावी वैतागायचा. “साहेब, कापू काय? मागच्या शनिवारचंच अजून खाली पडलंय.”

मी डोंबिवलीहून ठाण्याला यायचे. माझी शाळा इंग्लिश मीडियम, कॉलेज इंग्लिश मीडियम. घरात मराठी, पण घरात बोलायची वेळ कमी यायची, कारण आई सगळ्यांच्या वाटचं बोलायची. चारचौघांत तोंड उघडलं की माझं वाक्य अर्ध्यात इंग्लिशकडे वळायचं, कुणीतरी हसायचं, आणि मी ते वाक्य तिथंच सोडून द्यायचे. बी.कॉम. झालं होतं. पुढे काय, हे ठरत नव्हतं. बाबांच्या ऑफिसमधल्या कुणीतरी या क्लासचं सांगितलं आणि बाबांना वाटलं, निदान मुलगी घराबाहेर पडेल.

पहिल्याच दिवशी सरांनी आमचा पहिला धडा घेतला. एक माणूस दार उघडून आत येतो, खुर्चीवर बसतो, पाणी पितो. एवढंच. दोन शॉट. एक जिन्यातून, एक खोलीतून. दोन्ही जोडले की बघणाऱ्याला जोड कळता कामा नये. आम्ही अडीच तास तेच करत होतो. दाखवताना सरांनी विचारलं, “काय चुकलंय?” कुणालाच दिसेना. मला दिसलं होतं. बाहेरून येताना माणसाच्या खांद्यावर पिशवी होती आणि आत येईपर्यंत ती नाहीशी झाली होती. मी हळूच म्हटलं, “बॅग.”

“मोठ्यानं.”

“बॅग, सर. It was there.”

“ही बघते,” सर बाकीच्यांना म्हणाले. “हिला वही द्या.”

तेव्हापासून मी वहीवाली. सर कुणालाच नावानं हाक मारायचे नाहीत. दोनशे पानांची वही होती. कुणी पान फाडू नये म्हणून प्रत्येक पानावर सरांनी स्वतः लाल पेननं नंबर घातले होते. प्रत्येक शॉटला मी लिहायचं, कोण कुठल्या हातानं काय करतंय, कुणाची नजर कुठे, ग्लासात पाणी किती. आठवडाभर वही सरांकडे राहायची. पुढे पुढे त्या वहीचा दरारा एवढा वाढला, की सकाळची ब्लडप्रेशरची गोळी घेतली की नाही यावरून नवरा-बायकोत वाद झाला तरी सर म्हणायचे, “वहीत काय आहे?” एकदा ते खरंच वहीत होतं. दहा वाजून पाच मिनिटं, डावा हात, पाणी अर्धा ग्लास. काकूंनी मला त्या दिवशी दोन लाडू जास्त दिले.

पण वहीबरोबर एक नियमही होता. चूक दिसली की तिथल्या तिथं, मोठ्यानं सांगायची. “लिहून ठेवलेली चूक म्हणजे लोणचं,” सर म्हणायचे. “बरणीत छान दिसते. शॉट संपल्यावर तिचा काय उपयोग?” आणि दुसरं म्हणजे, आम्ही शूटिंग करताना सर आमच्याकडे पाठ करून बसायचे. खुर्ची उलटी फिरवायची, भिंतीकडे तोंड. “धडा तुमचा आहे. मी बघितलं तर तो माझा होईल.”

लाइनचा धडा त्यांनी अंतरपाटावरून शिकवला. आमच्यातल्या दोघांना समोरासमोर उभं केलं, मध्ये काकूंनी चादर धरली. “ही नवरी, हा नवरा. ह्याच्या नाकापासून तिच्या नाकापर्यंत एक रेघ आहे असं समजा. अंतरपाट धरणारे दोघं असतात, एक ह्या बाजूला, एक त्या बाजूला. कॅमेरा ह्याच्या बाजूला ठेवायचा की त्याच्या, एकदा ठरवा. ठरली की ती तुमची बाजू. अक्षता पडेपर्यंत रेघ ओलांडायची नाही.”

“आणि ओलांडली तर, सर?”

“तर नवरी उजवीकडे बघणार आणि नवरासुद्धा उजवीकडेच बघणार. लग्न लागत नाहीये, दोघं बसची वाट बघतायत.”

हा प्रश्न विचारणारा मुलगा खाडीकाठच्या कोळीवाड्यातला. घरची बोट होती, म्हणून सर त्याला नाखवा म्हणायचे. त्याचा हात कॅमेऱ्यावर फार स्थिर होता. बोटीवर उभं राहायची सवय असल्यामुळे असेल. दुसरा होता जोशी, डोंबिवलीच्या एका केमिकल कंपनीत सुपरवायझर. त्याला अॅक्टिंगची हौस. म्हणून प्रत्येक धड्यातला माणूस म्हणजे जोशी.

शीळफाट्याचा धडा पावसाळ्यानंतरचा. सर म्हणाले, दिशा शिकायची तर जिथं तीन रस्ते मिळतात तिथं शिका. ठाणे, कल्याण आणि पनवेल. नाखवाच्या चुलतभावाच्या टेम्पोतून आम्ही गेलो. टेम्पोला आदल्या दिवशीच्या बोंबलांचा वास येत होता, आणि सर पुढे बसून म्हणत होते, “वास कॅमेऱ्यात येत नाही, हे एक बरं आहे.” धडा सोपा होता. एक माणूस स्कूटरवरून कल्याणहून निघतो आणि ठाण्याला जातो. दहा शॉट. पडद्यावर तो सारखा डावीकडून उजवीकडेच गेला पाहिजे.

सहा शॉट झाले. दुपारचे बारा वाजले. ऊन असं की कॅमेऱ्याला हात लावला तरी चटका बसायचा. सर टेम्पोच्या सावलीत, आमच्याकडे पाठ करून. रस्त्याच्या पलीकडे एका पंक्चरवाल्याची ताडपत्री बांधलेली होती. नाखवानं कॅमेरा उचलला आणि रस्ता ओलांडून त्या सावलीत जाऊन उभा राहिला. इतकं साधं. सावली दिसली, माणूस सावलीत गेला. कुणीही गेलं असतं.

मला लगेच कळलं. आता स्कूटर उजवीकडून डावीकडे जाणार होती. मी वहीत लिहिलं. पान बावीस, शॉट सात, crossed the road, wrong side. मग तोंड उघडलं.

“काय गं?” जोशी स्कूटरवर बसूनच ओरडला. मेहुण्याची स्कूटर त्याला दोनच्या आत परत द्यायची होती. “पटकन बोल, डोक्यावर अंडं शिजतंय माझ्या.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पंक्चरवालासुद्धा.

“काही नाही,” मी म्हटलं.

पुढच्या रविवारी कॅसेट लावली. सहा शॉट जोशी उजवीकडे जात होता आणि मग चार शॉट डावीकडे. सर बराच वेळ बघत राहिले. “हा माणूस गॅस बंद करायला विसरलेला दिसतो,” ते म्हणाले. “अर्ध्या वाटेतून घरी चाललाय.” सगळे हसले. नाखवा नाही हसला.

“कॅमेरा कुणाकडे होता?”

“माझ्याकडं, सर.”

“वहीत काय आहे?”

वही माझ्या मांडीवर होती. मी पान बोटाखाली झाकलं आणि म्हटलं, “काही नाही, सर.”

“म्हणजे एवढ्या माणसांत कुणालाच दिसलं नाही,” सर म्हणाले. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, पण नाखवाला त्यांनी दोन महिने कॅमेऱ्यापासून लांब ठेवलं. तो थर्माकोल धरायला लागला. धड्याच्या मध्ये एकदा तो मला म्हणाला, “मला वाटतं माझं डोकंच नाय ह्यात. बापाबरोबर बोटीवर जावं तेच बरं.” मी वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं. त्याच दिवशी घरी निघताना ते पान फाडलं. फाडल्यावर लक्षात आलं, की पानावर नंबर आहे.

मग नाखवाच्या बहिणीचं लग्न ठरलं. सर म्हणाले, हाच आपला मोठा धडा. लग्नात पुन्हा करा म्हणता येत नाही. शूटिंग सरांनी स्वतः केलं. पाठ फिरवून न बसलेले सर मी तेव्हाच पहिल्यांदा बघितले. कोळीवाड्यात मांडव, बँड, आणि नाखवाची आजी सगळ्यांच्या पुढे नाचत होती. विधी संपेपर्यंत दोन नव्या कॅसेट भरल्या. पाठवणीला कॅसेट उरली नाही. पिशवीत क्लासची एक जुनी होती, शीळफाट्याची. तो धडा वायाच गेला होता, म्हणून मी तिच्या लेबलवरचं ‘शीळफाटा’ खोडलं आणि खाली ‘पाठवणी’ लिहिलं.

सर कॅमेरा खांद्यावर घ्यायला लागले तेवढ्यात नाखवा पुढे झाला. “सर, ही मी करतो.” सरांनी त्याच्याकडे बघितलं आणि न बोलता कॅमेरा त्याच्या खांद्यावर ठेवला. स्वतः पाठ करून उभे राहिले, खाडीकडे तोंड करून. नाखवा बहिणीची पाठवणी शूट करत होता आणि रडत होता, पण कॅमेरा हलत नव्हता. गर्दीत ढकलाढकली झाली तरी त्यानं बाजू बदलली नाही. मी सगळं लिहून घेतलं. त्याची एकही चूक नव्हती.

तर तो रविवार. मी दाराशी, एक चप्पल पायात. मी डावी चप्पल पायानं ओढून घेत होते तेवढ्यात जिन्यातून नाखवा आणि त्याची आई वर आले. मागोमाग जोशी. आईनं केसांत अबोलीचा गजरा माळला होता आणि हातात पेढ्यांचा पुडा होता. जिना अरुंद. मला उतरायला जागाच राहिली नाही.

“तूच ना वहीवाली?” आई म्हणाल्या. “चल गो आत, लाजतंस कशाला?” आणि माझ्या दंडाला धरून त्यांनी मला आत नेलं. दार कुठल्या हातानं उघडलं, हे त्या दिवशी सरांनी विचारलं नाही.

“सुकट आणणार होते,” आई काकूंना म्हणाल्या. “पण तुमच्यात चालत नाय ना, म्हणून पेढे.”

“मला चालतं,” सर म्हणाले.

“ह्यांना घराबाहेर चालतं,” काकू म्हणाल्या.

सर माझ्याकडे बघत नव्हते. मी त्यांच्याकडे बघत नव्हते. वही टेबलावर होती. नाखवा माझ्या शेजारी खाली बसला आणि हळूच म्हणाला, “आज हे नीट निघालं नाय ना, तर पुढच्या रविवारपासून मी बंद.”

पहिल्या दोन कॅसेटचं काम सरांनी आधीच करून ठेवलं होतं. राहिली होती पाठवणी. आईला दाखवता दाखवताच ती उतरवून घ्यायची, असं ठरलं. सरांनी टेबलावरून दोन कॅसेट उचलल्या. क्लासच्या सगळ्या कॅसेट एकसारख्याच, पुन्हा पुन्हा वापरलेल्या. पुसली जाऊ नये म्हणून कॅसेटच्या मागची टिकली मोडतात. यांच्या टिकल्या कधीच मोडलेल्या, आणि त्या भोकांवर पुन्हा रेकॉर्ड करता यावं म्हणून सेलोटेप. क्लासची कॅसेट म्हणजे रिकामी, ही सरांच्या हाताला वर्षांची सवय. त्यांनी एक वर घातली, एक खाली. खाली गेली तिच्या लेबलवर मला माझं अक्षर दिसलं. खोडलेलं ‘शीळफाटा’.

वरचं मशीन सुरू झालं. पडद्यावर नुसत्या मुंग्या.

“सुरुवातीला थोडी रिकामी असते,” सर म्हणाले.

“माजी पोर कवा दिसल?” आई पुढे सरकल्या.

सरांचं बोट खालच्या मशीनच्या लाल बटनाकडे गेलं. मी म्हटलं, “सर.” पंखा जोरात चालू होता. कुणी ऐकलं नाही. मी म्हटलं, “सर, that’s not...” जोशी पेढ्याचा कागद चुरगळत होता. लाल दिवा लागला.

“सर, खाली पाठवणी आहे! खाली!”

आवाज माझाच होता. एवढा मोठा आवाज माझ्यात आहे, हे मला माहीत नव्हतं. सर जागच्या जागी थिजले. हललं कोण, तर काकू. त्यांनी स्वयंपाकघराच्या दारातून हात लांब करून भिंतीवरचं मेन बटनच बंद केलं. पंखा, टीव्ही, दोन्ही मशीन, सगळं एकदम थांबलं.

 मग काकूंनी बटन परत चालू केलं. सरांनी कॅसेट बाहेर काढली, उलटसुलट बघितली, वरच्या मशीनमध्ये घातली आणि सुरू केली. दोन-तीन सेकंद मुंग्या. मग खाडीचा काठ, बँडचा आवाज आणि हिरव्या शालूतली नवरी, आईच्या गळ्यात पडलेली. आईनं पुढे होऊन टीव्हीच्या काचेवर हात ठेवला.

“गेलेलं काय होतं सुरुवातीला?” सरांनी विचारलं. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

“माझे पाय होते, सर,” नाखवा म्हणाला. “चप्पल सापडत नव्हती. जाऊ दे ते.”

आई डोळे पुसत हसायला लागल्या, मग काकू, मग सगळेच. आतून इतकं हलकं वाटत होतं की मला जोरजोरात हसू येत होतं. पडद्यावर पाठवणी चालू होती. नवरी सगळा वेळ उजवीकडे बघत होती आणि आई डावीकडे. एकमेकींकडेच.

सरांनी घसा साफ केला. “मी मुद्दाम घातली होती खाली. बघत होतो, कोण बोलतंय.”

“खोटं बोलू नका,” काकू म्हणाल्या. “घाम बघा कपाळाचा.”

सरांनी निळ्या शर्टाच्या बाहीनं कपाळ पुसलं. बशीच्या गोलात ठेवलेला कप उचलला आणि गोलाच्या बाहेर ठेवला. “बरं,” ते म्हणाले. “चुकलो.”

एवढंच. एका श्वासात झालं. काही कोसळलं नाही. जोशीनं पुढचा पेढा उचलला, आईनं सरांना म्हटलं, “व्हतंय कवा कवा,” आणि पाठवणी चालू राहिली.

आज मी एका एडिटिंग रूममध्ये हेच काम करते. कॅसेट जाऊन आता कॉम्प्युटर येतोय. चूक दिसली की मी मोठ्यानं सांगते, आणि काही जणांना मी उद्धट वाटते. सर अजून वर्तकनगरलाच आहेत. गेल्या महिन्यात भेटायला गेले तर आत आल्याबरोबर विचारलं, “कुठल्या हातानं?”

पण मला सांगायचा आहे तो त्या रविवारचा शेवट. पाठवणी संपल्यावर सरांनी वही माझ्यापुढे सरकवली. “लिही. तारीख घाल. सरांनी कॅसेट उलट्या घातल्या.” मी वही उघडली तर ती नेमकी फाटलेल्या जागीच उघडली. एकवीस. तेवीस. माझा हात थांबला.

सर उठले. खुर्ची खडूच्या खुणांवरून उचलली, फिरवली आणि आमच्याकडे पाठ करून बसले, भिंतीकडे तोंड करून.

मी पर्स उघडली. आतल्या कप्प्यातून पान काढलं, घड्या उलगडल्या आणि नाखवाच्या मांडीवर ठेवलं.

“शीळफाट्याला तू रस्ता ओलांडलास ना, ते मला तेव्हाच दिसलं होतं. लिहिलं पण होतं. मी बोलले नाही.”